विश्लेषण : गढूळ पाण्याखालचे दोष ‘सोनार’ कसे शोधतो?

पुलाचा कठडा तुटला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो, धरणाच्या भिंतीवर ओल आली तर गावाला कळते. पण खांबाच्या पायाशी खड्डा पडला, धरणाच्या बुडातल्या काँक्रीटची झीज झाली किंवा बंदराच्या धक्क्याखालची माती निसटली, तर ते दिसायचे कुणाला? आपल्याकडच्या नद्या, खाड्या आणि जलाशयांतील पाणी वर्षातील बराच काळ गढूळ असते. अशा पाण्यात डोळे आणि कॅमेरा दोन्ही निरुपयोगी ठरतात. तिथे कामी येतो तो आवाज. ध्वनिलहरींनी पाण्याखालचे चित्र काढणारे ‘सोनार’ तंत्र नेमके कसे चालते, ते काय दाखवते, काय दाखवत नाही आणि पुलांच्या व धरणांच्या पाहणीत ते सवयीचे का व्हायला हवे, याचा हा आढावा.

सावित्रीच्या पुराने कोणता प्रश्न विचारला?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन बस आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. पुढचे कित्येक दिवस नौदल, तटरक्षक दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे पाणबुडे शोध घेत होते. पाण्याला ओढ प्रचंड, रंग मातकट, त्यात मगरींचा वावर. क्रेनला सुमारे ३०० किलो वजनाचे लोहचुंबक बांधून ते नदीत सोडण्याचा प्रयोगही झाला. एसटीची बस म्हणजे काही सुई नव्हे. तरीही पहिल्या बसचा सांगाडा हाती लागायला आठवडा उलटावा लागला. गढूळ पाणी म्हणजे काय, हे त्या आठवड्याने राज्याला दाखवून दिले.

त्या दुर्घटनेतील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य असल्याचे आढळले होते, असे सरकारकडून तेव्हा सांगण्यात आले. पाहणी करणाऱ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. पुलाची पाहणी म्हणजे पुलाच्या कोणत्या भागाची पाहणी? कमानी, कठडे, रस्त्याचा पृष्ठभाग, भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपे हे सारे डोळ्यांना दिसते. पाण्याच्या पातळीखाली जे असते ते दिसत नाही, आणि पूल उभा असतो तो त्याच्याच जोरावर.

पूल पडतात ते बहुतेक कशामुळे?

भारतात १९७७ ते २०१७ या ४० वर्षांत कोसळलेल्या २,१३० पुलांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोऱ्या आणि पादचारी पूल त्यात धरलेले नव्हते. त्यानुसार ८०.३ टक्के पूल नैसर्गिक आपत्तींमुळे पडले आणि त्यांत पुराचा वाटा मोठा होता. साहित्य जुने होऊन झिजल्यामुळे पडलेल्या पुलांचे प्रमाण १०.१ टक्के, तर अतिभारामुळे पडलेल्यांचे ३.२८ टक्के होते. पडलेल्या पुलांचे सरासरी वय होते ३४.५ वर्षे. म्हणजे ‘शंभर वर्षांचा जुना पूल होता, पडला’ हे आपले नेहमीचे समाधान आकड्यांना फारसे मान्य नाही.

पूर पुलाला पाडतो तो बहुधा धक्का देऊन नव्हे, पायाखालची जमीन काढून घेऊन. नदीच्या प्रवाहात खांब उभा असला की पाणी त्याला आदळून खाली वळते. खांबाच्या बुडाशी भोवरे तयार होतात आणि ते वाळू, माती, गोटे उकरून पुढे नेतात. समुद्रकिनारी लाटेत उभे राहिल्यावर टाचेखालची वाळू सरकते, तोच हा प्रकार. अभियंते त्याला ‘स्कॉवर’ म्हणतात. खांब वरून धडधाकट दिसतो, पण ज्या मातीत तो रोवलेला असतो तीच नाहीशी झालेली असते. मग एखादा पूर शेवटचे निमित्त होतो.

अमेरिकेत ५ एप्रिल १९८७ रोजी न्यू यॉर्क राज्यातील स्कोहेरी नाल्यावरचा महामार्गाचा पूल असाच गेला. पुरात एका खांबाच्या पायाखालचा भराव वाहून गेला, पूल खचला आणि १० जणांचा जीव गेला. त्या अपघातानंतर तिथे नियम बदलले. पुलांच्या पाण्याखालील भागाची ठरावीक मुदतीने, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने, पाहणी करणे बंधनकारक झाले. या पाहणीसाठी सोनार वापरण्याची पद्धत तिथे रुळत गेली त्यामागे ही सक्ती आहे.

गढूळ पाण्यात कॅमेरा का हरतो?

पाण्यात तरंगणारे मातीचे कण अतिशय बारीक असतात. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहूनही लहान, तर गाळाचा कण काही दशक मायक्रॉनचा. प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन. म्हणजे प्रकाशलहरीच्या वाटेत हे कण धोंड्यांसारखे उभे असतात. प्रत्येक कणावर आपटून प्रकाश विखुरतो. अधिक प्रखर दिवा लावला तर विखुरलेला प्रकाशच अधिक परत येतो आणि समोर पांढुरके धुके दिसते. घाटात धुक्यातून गाडी चालवताना हेडलाइटचा मोठा झोत लावल्यावर उलट कमी दिसते, त्याचे कारणही हेच.

अशा पाण्यात पाणबुड्या उतरतो तेव्हा तो पाहत नाही, चाचपतो. हाताने खांब चाचपत खाली जायचे, बोटांना भेग लागते का ते बघायचे, पायाशी खड्डा आहे का ते पायानेच अजमावायचे आणि वर येऊन तोंडी सांगायचे. या कौशल्याला आणि धाडसाला तोड नाही. पण त्यातून नकाशा तयार होत नाही. या वर्षीचा खड्डा गेल्या वर्षीपेक्षा किती वाढला, याचे उत्तर माणसाच्या हाताच्या आठवणीतून मिळू शकत नाही. शिवाय प्रवाहाला जोर असला की पाणबुड्याला उतरवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे.

मग आवाज कसा ‘पाहतो’?

ध्वनिलहरी पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने धावतात, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. सोनारचे उपकरण आवाजाचा एक छोटा ठोका सोडते. तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. जायला-यायला लागलेला वेळ मोजला की अंतर कळते. खांब १५ मीटरवर असेल तर प्रतिध्वनी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो. दगड आणि काँक्रीट यांच्याकडून जोरदार प्रतिध्वनी येतो, मऊ गाळाकडून मवाळ. अशा असंख्य प्रतिध्वनींची मांडणी करून संगणक चित्र उभे करतो.

गाळाचे कण इथे आडवे का येत नाहीत? दहा लाख हर्ट्झ कंप्रतेच्या ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी दीड मिलिमीटर, म्हणजे १,५०० मायक्रॉन असते. गाळाचा कण तिच्यापुढे इतका लहान, की लहर त्याची फारशी दखल न घेता पुढे जाते. प्रकाशाला जो धोंडा वाटतो, तो ध्वनीला खिजगणतीत नसतो.

निसर्गाने हा मार्ग फार पूर्वीच शोधला आहे. गंगेच्या मातकट पाण्यात राहणारा डॉल्फिन जवळजवळ आंधळा आहे. तो आवाज काढून, त्याचे प्रतिध्वनी ऐकून मासे पकडतो. भारताचा हा राष्ट्रीय जलचर म्हणजे चालताबोलता सोनारच. माणसाला ही युक्ती सुचली ती ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाल्यानंतर. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी आपल्या उपकरणाने सुमारे तीन किलोमीटरवरील हिमनगाचा प्रतिध्वनी टिपून दाखवला. पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी पॉल लांजवँ यांनी क्वार्ट्झ स्फटिकांचा वापर केला. तेव्हापासूनची ही विद्या आहे. तिला ‘नवे तंत्रज्ञान’ म्हणून टाळण्याची सोय उरलेली नाही.

सोनार किती प्रकारचे?

सगळ्यांत साधा तो एकाच किरणाचा खोलीमापक. होडीखाली पाणी किती खोल आहे एवढेच तो सांगतो. मासेमारीच्या यांत्रिक होड्यांवर असलेले उपकरण त्याचेच भावंड. त्याच्या पुढची पायरी बहुकिरण सोनारची. तो एका वेळी पंख्यासारखे शेकडो किरण सोडतो आणि होडी पुढे जाईल तसतसा तळाचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. खांबाभोवती खड्डा किती खोल, किती रुंद आणि कोणत्या बाजूला, हे तो आकड्यांत सांगतो.

‘साइड स्कॅन’ सोनार दोन्ही बाजूंना तिरका आवाज फेकतो आणि छायाचित्रासारखी प्रतिमा देतो. बुडालेली गाडी, तुटलेला तुळईचा तुकडा, विखुरलेले दगड शोधायला तो उत्तम. या चित्रांत वस्तूपेक्षा तिची सावलीच अधिक बोलते. जिथे आवाज पोहोचत नाही तिथे काळा भाग उमटतो आणि त्या काळ्या आकारावरून वस्तूची उंची काढता येते. तिसरा प्रकार तिवईवर किंवा खांबालगत स्थिर ठेवून गोल फिरवायच्या सोनारचा. होडी हलण्याचा प्रश्न नसल्याने त्याचे चित्र स्वच्छ येते. चौथा प्रकार ‘ध्वनी कॅमेऱ्या’चा. दहा लाख हर्ट्झच्या वरच्या कंप्रतेवर चालणारा हा सोनार काही मीटरच्या टप्प्यात चलचित्र दाखवतो. पाणबुड्याच्या हातात किंवा पाण्याखालच्या यंत्रमानवावर तो बसवता येतो.

यात एक देवाणघेवाण कायम असते. कंप्रता वाढवली तर तपशील बारीक मिळतो, पण आवाज लवकर विरतो आणि टप्पा आखूड होतो. कंप्रता कमी केली तर आवाज दूर जातो, पण चित्र भरड येते. एक अंश रुंदीचा किरण १० मीटरवर सुमारे १७ सेंटिमीटर पसरतो. त्याहून लहान दोन गोष्टी त्याला वेगवेगळ्या दिसत नाहीत. किरण पाव अंशाचा केला की हाच आकडा साडेचार सेंटिमीटरच्या आसपास येतो. त्यामुळे ‘सोनार लावला’ एवढ्याने भागत नाही. कोणता, किती अंतरावरून आणि कशासाठी, हे आधी ठरवावे लागते.

बाल्टिमोरमध्ये याचा उपयोग कसा झाला?

२६ मार्च २०२४ रोजी ‘डाली’ हे मालवाहू जहाज आदळून अमेरिकेतील बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल काही सेकंदांत कोसळला. पुलावर काम करणाऱ्या सहा जणांचा त्यात मृत्यू झाला. पटाप्स्को नदीच्या तळाशी पोलादाचा महाकाय गुंता पडला होता. तळाचा गाळ ढवळला गेल्याने पाणबुड्यांना जेमतेम एक-दोन फुटांपलीकडचे दिसत नव्हते. वाकलेले, ताण साठवून बसलेले पोलाद चुकीच्या जागी कापले तर ते उसळून जीव घेऊ शकते. तिथे त्रिमितीय सोनारने तळाची चित्रे प्रत्यक्ष वेळेत दाखवली. वर जहाजावर बसलेला तंत्रज्ञ पडद्यावर पाणबुड्या आणि त्याच्या भोवतीचे पोलाद दोन्ही पाहत होता आणि पाणबुड्याला ‘इकडे वळ, तिकडे सरक’ असे सांगत होता. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने ही चित्रे प्रसिद्धही केली. सोनार पाणबुड्याची जागा घेत नाही, तो त्याचे डोळे होतो, हे त्या चित्रांतून स्पष्ट झाले.

सोनारला काय दिसत नाही?

कोणत्याही यंत्राबाबत हा प्रश्न आधी विचारावा. सोनारला केसासारखी बारीक भेग दिसत नाही. काँक्रीटच्या आत गंजलेली सळई दिसत नाही. खांबावर शेवाळ, शिंपले, कालवे यांचा थर चढला असेल तर त्याखालचा पृष्ठभाग झाकला जातो. सांडव्याखाली किंवा खळाळत्या पाण्यात हवेचे बुडबुडे असतात. हवा ध्वनीला जवळजवळ पूर्णपणे परतवते, त्यामुळे तिथे पडद्यावर नुसता गोंधळ उमटतो. दोन भिंतींच्या अरुंद जागेत प्रतिध्वनींचे प्रतिध्वनी येतात आणि नसलेल्या वस्तू दिसू लागतात. पाण्याचे तापमान बदलले की ध्वनीचा वेग बदलतो. खोल जलाशयात वरचे पाणी कोमट आणि खालचे थंड असते. त्याची नोंद घेतली नाही तर मोजमापच चुकते.

म्हणून चांगल्या पाहणीचा क्रम असा असतो : आधी बहुकिरण सोनारने सगळ्या परिसराचा नकाशा, मग संशयास्पद जागांवर जवळून उच्च कंप्रतेचा सोनार आणि शेवटी नेमक्या त्या ठिकाणी पाणबुड्या. तो थर खरवडून, हाताने किंवा उपकरणाने खात्री करतो. यात पाणबुड्याचे काम संपत नाही. त्याला दिवसभर अंधारात चाचपत बसण्याऐवजी थेट दुखऱ्या जागी नेले जाते. आणि चित्र वाचायला अनुभवी माणूस लागतो. सोनोग्राफीचे यंत्र विकत घेतले म्हणून घरातले कुणी निदान करू लागत नाही, तसेच हे.

पाहणी केव्हा करायची?

सगळ्या विषयाची मेख इथे आहे. पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये नदी आटते, पाणी निवळते, खांब उघडे पडतात. पाहणीला सोयीचा काळ तोच आणि तीच प्रथा आहे. पण धुपीचा खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पूर ओसरू लागला की पाण्याची ताकद कमी होते आणि वाहून आणलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. मे महिन्यात तिथे गेलेल्या अभियंत्याला सपाट, निर्धोक तळ दिसतो. हा भरलेला गाळ मात्र मोकळा असतो, खांबाला आधार देण्याची ताकद त्यात नसते. पुढच्या पुरात तो पहिल्या तडाख्यात निघून जातो. खड्डा नव्हता असे नाही. तो झाकलेला होता.

याचा अर्थ असा, की जेव्हा पाहणी करणे सोपे असते तेव्हा दोष लपलेला असतो आणि दोष उघडा असतो तेव्हा पाणी गढूळ आणि वेगवान असते. ही कोंडी फोडण्याचे जे मोजके मार्ग आहेत, त्यांत सोनार प्रमुख आहे. खांबाला कायमचा बसवलेला साधा खोलीमापकही पूर चालू असताना दर काही मिनिटांनी तळ किती खाली गेला ते किनाऱ्यावर कळवू शकतो. तळ ठरावीक मर्यादेखाली गेला की पूल बंद करायचा, हा निर्णय मग अंदाजावर राहत नाही. भरून गेलेले जुने खड्डे ओळखण्यासाठी कमी कंप्रतेचे, तळाखालचे थर दाखवणारे उपकरणही वापरता येते.

आयर्लंडमधील मालाहाइडने काय शिकवले?

डब्लिनच्या उत्तरेला मालाहाइड येथे खाडीवर रेल्वेचा पूल आहे. ऑगस्ट २००९ मध्ये तिथल्या सागरी स्काउट पथकाच्या एका प्रमुखाने रेल्वेला कळवले, की पुलाखालचा प्रवाह नेहमीसारखा वाटत नाही. रेल्वेचा अभियंता येऊन पाहून गेला. त्याला वावगे काही आढळले नाही. तीनच दिवसांनी, २१ ऑगस्टला, पुलाचा एक खांब खचला. एका लोकल गाडीच्या चालकाने रूळ खचत असल्याचे पाहिले, गाडी कशीबशी पार केली आणि धोक्याची सूचना दिली. सुदैवाने एकही जीव गेला नाही.

चौकशीत जे पुढे आले ते अधिक बोलके होते. त्या पुलाचे खांब दगडांच्या बांधावर उभे होते आणि त्या बांधात वेळोवेळी दगड भरत राहणे गरजेचे होते. जुन्या पिढीला हे ठाऊक होते. ती माणसे निवृत्त झाली, कागद मागे पडले आणि संस्थेच्या स्मरणातून ही गोष्ट निघून गेली. पाण्यावरून पाहणाऱ्याला पाण्याखालचे दिसले नाही आणि पूर्वी काय होते हेही ठाऊक नव्हते. सोनारचा खरा उपयोग इथे आहे. एकदा काढलेले चित्र म्हणजे केवळ माहिती. दर वर्षी त्याच जागेचे काढलेले चित्र म्हणजे स्मरणशक्ती. आणि स्काउटच्या त्या प्रमुखाकडूनही शिकण्यासारखे आहे. आपल्याकडचे कोळी आणि नावाडी यांना नदीचा भोवरा कुठे सरकला, कुठे खोली वाढली हे सर्वांत आधी कळते. त्यांना विचारतो कोण?

आपल्याकडची स्थिती काय?

महाराष्ट्राच्या वेशीवरचेच उदाहरण पुरेसे आहे. गडचिरोलीतील सिरोंचासमोर गोदावरीवर तेलंगणाने बांधलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे काही खांब २१ ऑक्टोबर २०२३ रोजी खचले. बंधारा वापरात येऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नियोजन, आराखडा, दर्जा नियंत्रण आणि देखभाल अशा सर्वच बाबींत उणिवा दाखवल्या. पायाखालची वाळू निसटणे हे खचण्याचे संभाव्य कारण सांगितले. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला तळाच्या संरक्षणासाठी घातलेल्या काँक्रीट ठोकळ्यांची बांधकामानंतर पाहणी वा देखभाल झाली नव्हती, असेही समितीने नोंदवले. हे ठोकळे हललेले, घसरलेले आहेत का, हे शोधणे तर बहुकिरण सोनारचे अगदी प्राथमिक काम.

कायदा आपल्याकडे आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणांची पाहणी करायला सांगतो. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात, दोन हजारांहून अधिक आहेत. कोयनेने १९६७ च्या भूकंपात भिंतीला गेलेले तडे पाहिले आणि दुरुस्तीही अनुभवली. पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची पाहणीची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय पूल व्यवस्थापन प्रणालीत मोऱ्यांसह सुमारे १ लाख ७२ हजार बांधकामांची नोंद झाली.

विद्याही परकी नाही. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ पासून पाण्याचा अभ्यास करते आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था समुद्रतळाचे ध्वनिसर्वेक्षण कित्येक दशके करते आहे. नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग याच तंत्राने नकाशे बनवतो. पाण्याखाली पाहणी करणारे यंत्रमानव चेन्नईच्या आयआयटीतून निघालेला नवउद्योग देशातच बनवतो आहे. बंदरांत गाळ काढण्यापूर्वी आणि नंतर सोनारने मोजणी होते, कारण तिथे काढलेल्या गाळाच्या घनमीटरवर ठेकेदाराचे बिल ठरते. पैसे मोजायचे असतील तेव्हा सोनार आपल्याला परवडतो, हे यातून सिद्धच होते.

मग नेमके काय करायला हवे?

पहिली गोष्ट, मूळ नोंद. जिथे पाया कायम पाण्यात आहे अशा प्रत्येक मोठ्या पुलाचे, बंधाऱ्याचे आणि धरणाच्या सांडव्याखालील भागाचे सोनार सर्वेक्षण एकदा तरी व्हायला हवे. नवा पूल ताब्यात घेतानाच हे चित्र ठेकेदाराकडून घेतले तर खर्च प्रकल्पाच्या मानाने किरकोळ असेल. मुंबईच्या खाडीतील गढूळ, भरती-ओहोटीच्या पाण्यात २०२४ मध्ये अटल सेतू उभा राहिला. त्याच्या किंवा गावाकडच्या एखाद्या पुलाच्या पायाची आजची स्थिती कागदावर असेल, तरच ३० वर्षांनी तुलना करता येईल.

दुसरी, वेळ. पाहणी केवळ मेमध्ये नको. मोठा पूर येऊन गेला की पाणी निवळण्याची वाट न पाहता काही दिवसांत सोनारची होडी तिथे गेली पाहिजे. अतिधोक्याच्या पुलांवर कायमचे खोलीमापक बसवावेत आणि कोणत्या आकड्याला पूल बंद करायचा ते आधीच लिहून ठेवावे. हा अधिकार स्थानिक अभियंत्याला हवा. वरून आदेश येईपर्यंत नदी थांबत नाही.

तिसरी, अहवालाचा प्रामाणिकपणा. पाण्याखालचा भाग पाहिला नसेल तर अहवालात ‘पाहिला नाही’ असे स्पष्ट लिहावे आणि तसे असेल तर ‘सुरक्षित’ हा शिक्का मारू नये. न पाहिलेल्या गोष्टीला सुरक्षित म्हणण्याची सवय कोणतेही यंत्र मोडू शकत नाही.

चौथी, माणसे. प्रत्येक जिल्ह्याने महागडी उपकरणे घेऊन कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. विभागवार एकेक प्रशिक्षित पथक, त्याच्याकडे होडी, सोनार आणि चित्र वाचणारा माणूस असावा. हेच पथक शोधकार्यातही उतरवता येईल, म्हणजे पुन्हा कधी सावित्रीसारखा प्रसंग आला तर लोहचुंबकाने नदी चाचपावी लागणार नाही.

आणि पाचवी, ही चित्रे आणि आकडे लोकांसमोर ठेवण्याची. दर दुर्घटनेनंतर राज्यातील सर्व पुलांच्या ‘स्ट्रक्चरल ऑडिट’चा आदेश निघतो. त्या तपासणीत पाण्याखाली काय दिसले, हे ज्या गावाचा पूल आहे त्या गावाला वाचायला मिळते का? मिळायला हवे. पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला तेवढा हक्क आहे.

महाडला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये तो खुला झाला आणि वेगाबद्दल यंत्रणेचे कौतुकही झाले, ते रास्तच होते. पण पडलेला पूल लवकर बांधणे आणि उभा असलेला पूल पडू न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाचे उद्घाटन होते, दुसऱ्याचे होत नाही. मराठीत म्हण आहे, कान सोनारानेच टोचावेत. पाण्याखालचा सोनारही तेच करतो. न दिसणाऱ्या दोषाबद्दल वेळेवर कान टोचतो. त्यासाठी यंत्रणेने आधी कान पुढे करायला हवा.